आषाढी एकादशीचा रेडिओ: दोन अभंगांच्या मधलं बोलणं

मिरजमळा

आषाढी झाली. अभंग ऐकायला आता रेडिओ लागत नाही, हे मान्य. पाहिजे तो गायक, पाहिजे तो अभंग मोबाइलवर हजर. तरी एकादशीला आमच्याकडे रेडिओच लागतो, आणि तो अभंगांसाठी नाही. दोन अभंगांच्या मधे जे बोललं जातं त्यासाठी. हे आणखी कुणाला पटतंय का बघावं म्हणून धागा काढतोय.

ऐंशीच्या दशकात आमच्या घरी सांगली केंद्र (१२५१ किलोहर्ट्झ) हे आपलं आणि पुणे (७९२) हे पाहुणं. एरवी रात्री अकराच्या सुमारास केंद्र झोपायचं ते पहाटे सहाच्या आतबाहेर उठायचं. आषाढीला अडीचच्या शासकीय महापूजेचं थेट प्रक्षेपण असलं की आजोबा त्या रात्री आडवेच होत नसत. पुरुषसूक्त, अभिषेकाच्या पाण्याचा आवाज, आणि हळू आवाजात सांगणारा समालोचक: आता दूध, आता दही, आता मध. तो सांगेल तेवढंच आणि सांगेल त्याच क्रमाने आपल्याला कळायचं. पोशाखाची वेळ आली की उपरण्याचा काठ कुठल्या रंगाचा इथपर्यंत तो सांगायचा. पुढे हीच पूजा टीव्हीवर पाहिली. सगळं दिसलं, पण विठोबापेक्षा मुख्यमंत्र्यांच्या मागे दाटीवाटीने उभे राहिलेलेच जास्त दिसले.

मग दिवसभर एकच विषय, आणि प्रत्येक कार्यक्रम तो आपल्या अंगाने घ्यायचा. सकाळच्या चिंतनात जनाबाई किंवा चोखोबा. बायकांच्या कार्यक्रमात उपासाचे पदार्थ. मुलांच्या कार्यक्रमात दिंडी, आणि त्यातल्या विठोबाला हमखास सर्दी. बातम्यांत चंद्रभागेला पाणी किती आणि दर्शनाची रांग गोपाळपूरकडे कुठवर गेली. हवामानाचा अंदाज लागला की घरात सगळे गप्प, कारण पेरण्या उरकलेल्या आणि पावसाने ओढ दिलेली. संध्याकाळी शेतकऱ्यांचा कार्यक्रम. त्यात वारीहून परत आलेल्या गड्याला दुसरा विचारायचा, 'तू माउलीच्या मागं गेलास, पण तुझ्या मागं कोळपणी कुणी केली?' एकादशीच्या दिवशी असं विचारायची हिंमत फक्त त्या कार्यक्रमात होती. रात्री कीर्तन नाहीतर संगीत रूपक.

तुमच्याकडे कोणतं केंद्र लागायचं, आणि कोणता कार्यक्रम लक्षात राहिलाय? कृपया गाण्यांच्या याद्या नकोत. त्यासाठी वेगळे धागे आहेत.

भगर_की_वरई

उपासाच्या पदार्थांवरून आमच्या आईचं आणि रेडिओचं दरवर्षी भांडण. रेडिओवरच्या बाई सांगणार, खिचडीत कोथिंबीर घाला. आई रेडिओला उत्तर देणार, 'आमच्यात नाही चालत.' बाई म्हणणार जिरं घाला, आई म्हणणार, 'तेही नाही.' एका वर्षी पदार्थांच्या नंतर डॉक्टरांची मुलाखत होती. मधुमेह असणाऱ्यांनी साबुदाणा, बटाटा आणि रताळं एकाच ताटात घेऊ नये, असं त्यांनी स्वच्छ सांगितलं. बाबांच्या पुढ्यात ते तिन्ही होतं. त्यांनी हात लांब करून आवाज बारीक केला आणि जेवण चालू ठेवलं.

पण मिरजमळा म्हणतात ते खरं आहे. आधीच्या अर्ध्या तासात पदार्थ आणि पुढच्या दहा मिनिटांत तेच खाऊ नका, हे एकाच केंद्रावर व्हायचं आणि कुणाला त्यात वावगं वाटायचं नाही.

खरखर

अडीचच्या पूजेबद्दल एक तांत्रिक गोष्ट. मिडियम वेव्हच्या लहरी दिवसा जमिनीलगत जेवढ्या जातील तेवढ्याच जातात. वर गेलेल्या लहरी वातावरणातला 'डी' थर गिळून टाकतो. सूर्य मावळला की तो थर विरतो, लहरी आणखी वरच्या थरावरून परतून खाली येतात आणि शेकडो किलोमीटरवरचं केंद्र लागतं. म्हणून पूजेच्या वेळी ज्यांना दिवसा पुणे केंद्र धड ऐकू येत नसे त्यांनाही ते खणखणीत लागायचं. मधेच आवाज फुगायचा, मधेच ओसरायचा, तो त्याच परतीच्या लहरींचा खेळ. माझे मामा यवतमाळकडे होते. त्यांची ठाम समजूत होती की त्या रात्री आकाश मोकळं होतं ते पांडुरंगामुळे. मी फिजिक्स शिकून आल्यावर त्यांना 'डी' थर समजावला. ते म्हणाले, 'बरं, मग तो थर कोण काढतो?'

फेडर

मी काही वर्षं एका केंद्रावर नैमित्तिक उद्घोषक होतो, केंद्राचं नाव लिहीत नाही. एकादशीचा दिवस आतून कसा असतो ते थोडं सांगतो, कारण धाग्याचा मुद्दा मला शंभर टक्के पटला आहे.

सगळ्यांत अवघड कीर्तन. बुवांना देवळात दोन-अडीच तास असतात, आमच्याकडे अर्धा तास. नारदीय कीर्तन असेल तर नमन, मुख्य अभंग, पूर्वरंग, मधला जप, मग उत्तररंगात आख्यान. हे सगळं त्या अर्ध्या तासात बसवायचं म्हटलं की पूर्वरंगाचा बळी जाणार हे ठरलेलं. वारकरी कीर्तनात ही विभागणी नसते, एकच अभंग चरणाचरणाने सोडवत न्यायचा, पण तिथे दुसरी अडचण. मागे उभे असलेले टाळकरी. देवळात दहा-पंधरा टाळ बरे वाटतात, स्टुडिओत चार टाळ लागले की बुवांचा एक शब्द ऐकू येत नाही. मग टाळकरी भिंतीला, पखवाजवाला कोपऱ्यात, आणि बुवा मायक्रोफोनसमोर. वर बुवांना सांगायचं की हलायचं नाही. ज्या माणसाचा अर्धा अभिनय पायांत आहे त्याला एका जागी उभं करणं ही शिक्षाच. एक बुवा हरिश्चंद्राचं आख्यान लावताना सवयीने तीन पावलं मागे गेले, आणि टेपवर तारामती रडायला लागली ती शेजारच्या खोलीत रडल्यासारखी. ते तसंच लागलं. कुणाची तक्रार आली नाही, उलट एका श्रोत्याचं पत्र आलं की तो प्रसंग फार परिणामकारक झाला.

पखवाजाच्या डाव्या तोंडाला कणीक लावतात. स्टुडिओतल्या एसीत ती सुकते आणि सूर चढतो, म्हणून वाजवणारा ओल्या फडक्यात कणकेचा गोळा गुंडाळून आणायचा. ड्यूटी रूममधल्या नव्या शिपायाने एकदा तो कुणाचा तरी डबा समजून कपाटात नीट ठेवून दिला होता.

आता समालोचनाबद्दल. वारीतलं ध्वनिमुद्रण करायला मी एकदा गेलो. खांद्याला टेपरेकॉर्डर, टेपचं पाच इंची रीळ म्हणजे स्पूल, आणि पावसात तो झाकायला स्वतःचीच छत्री. माउलींच्या पालखीची संध्याकाळची समाजआरती ज्यांनी ऐकली नसेल त्यांच्यासाठी: तळावर सगळ्या दिंड्या जमतात, टाळांचा कल्लोळ चालू असतो, आणि चोपदार हातातला चोप, म्हणजे दंड, उंच करतात. क्षणात सगळे टाळ थांबतात. हजारो माणसं आणि आवाज शून्य. एखाद्या दिंडीचं गाऱ्हाणं असेल तर तेवढी एकच दिंडी टाळ वाजवत राहते. मग चोपदार तिच्याकडे जातात, तक्रार ऐकून घेतली जाते, आणि नंतर पुढचं. माझ्या टेपवर हे सगळं आलं होतं. कल्लोळ, शांतता, मग लांबून एकाच दिंडीचे टाळ. परत आल्यावर संपादनाला बसलो. रेडिओत शांतता म्हणजे बिघाड, हे आमच्या हाडीमाशी भिनलेलं. काही सेकंद आवाज गेला की ड्यूटी ऑफिसर धावत येतो. सोबतचे अनुभवी सहकारी ब्लेड घेऊन टेप कापायलाच निघाले होते. शेवटी तडजोड अशी झाली की शांततेच्या आधी मी एक वाक्य टाकायचं: 'आता चोप वर गेला आहे, ऐका.' त्या वाक्यामुळे ती शांतता वाचली. अभंग कुणीही लावेल. ते वाक्य रेडिओलाच लागतं.

उगाचविरोधक

वाचायला छान आहे सगळं. पण आज रेडिओ लावून बघा. तेच दहा अभंग, आणि मधल्या बोलण्यात 'वातावरण भक्तिमय झालं आहे', 'वैष्णवांचा मेळा', 'टाळ-मृदंगाचा गजर', 'भक्तीचा महापूर'. हे चार तुकडे उलटसुलट लावले की निवेदन तयार. काही खाजगी एफएमवर तर विठ्ठलाच्या गाण्याला जोडून फ्लॅटची जाहिरात. तुम्ही लोक ऐंशीच्या दशकाचं कौतुक आजच्या रेडिओच्या नावावर खपवताय.

मिरजमळा

@उगाचविरोधक, तुम्ही माझाच मुद्दा मांडलात. अभंग तेच राहिले, बोलणं पातळ झालं, म्हणून दिवस पातळ झाला. खाजगी वाहिन्यांकडून मुळात अपेक्षा नाही. आकाशवाणीवर मात्र अजून बरं काही सापडतं, फक्त त्याची वेळ शोधावी लागते.

@फेडर, 'ऐका' या एका शब्दावर तुम्ही वाचवलीत ती शांतता. पुढच्या पिढीला दाखवायला तो तुकडा शिल्लक आहे का?

फेडर

नाही. स्पूल महाग असायचे, पुसून पुन्हा वापरले जायचे.

लावणीचा_चिखल

रत्नागिरीकडचा. आमच्या आषाढीत पंढरपूर लांब आणि चिखल जवळ. त्या दिवसांत भाताची लावणी ऐन भरात. एकादशी म्हणून देवळात भजन रात्री, दिवसा सगळे शेतात. ट्रान्झिस्टर प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून बांधावर, काठीला टांगलेला. पिशवीमुळे आवाज असा दबका यायचा की कीर्तन आणि बाजारभाव यात फरक कळायचा नाही. आज्जी वाकल्या वाकल्या विचारायची, 'आत्ता देवाचा चाललाय की कांद्याचा?' लावणी करणाऱ्या बायका स्वतःच गाणी म्हणायच्या, त्यामुळे रेडिओला पाऊस पडला तरच बोलायची संधी. वीज गेली तरी सेलवर चालू, हा त्याचा मोठाच गुण.

सॉल्टलेकवाली

मी लग्नानंतर कोलकात्यात आहे. थोडं विषयांतर, पण अगदीच नाही. इथे महालयाच्या, म्हणजे आपल्या सर्वपित्री अमावास्येच्या, पहाटे चार वाजता आकाशवाणीवर 'महिषासुरमर्दिनी' लागतं. १९३१ पासूनची परंपरा. बीरेंद्रकृष्ण भद्र चंडीपाठ करतात, मधे गाणी. अनेक वर्षं ते थेट व्हायचं, नंतर ध्वनिमुद्रण लागू लागलं. अख्खं शहर त्या दिवशी गजर लावून उठतं, आणि ज्यांच्या घरी एरवी रेडिओ माळ्यावर असतो ते आदल्या दिवशी सेल आणतात.

तुमच्या चर्चेशी संबंध असा: १९७६ साली आकाशवाणीने भद्रांच्या जागी उत्तमकुमार यांना घेऊन नवा कार्यक्रम केला. उत्तमकुमार म्हणजे इथला देव. संगीत हेमंत मुखर्जींचं. लोकांनी इतका गदारोळ केला की त्याच वर्षी दुर्गापूजेच्या षष्ठीला जुना कार्यक्रम पुन्हा लावावा लागला. गाणी चांगली होती की नव्हती यावर अजून वाद होतात, पण लोकांना हवा होता तो विशिष्ट माणसाचा बोलण्याचा आवाज. मिरजमळा यांचं म्हणणं इथे तर शहराने रस्त्यावर येऊन सिद्ध केलं.

नरकासुर_अँड_सन्स

मग आमच्या नरकचतुर्दशीचं काय? मुंबई केंद्रावर पहाटे नरकासुरवधाचं कीर्तन. अंगाला उटणं चोळलेलं, डोळ्यांत तेल गेलेलं, बाहेर चाळीत कुणाचा पहिला फटाका यावर पैज, आणि आत बुवा सत्यभामेला रथात बसवतायत. वध होईपर्यंत आंघोळ पुरी झालीच पाहिजे, अशी आमच्या वडिलांची मुदत. बुवांनी एखादं पद लांबवलं तर आम्हाला तेवढीच सवलत. आषाढीला रेडिओ दिवसभर होता, दिवाळीत मात्र तो पहाटेचा तासभरच. नंतर कुणी ढुंकूनही बघायचं नाही.

मुद्रितशोधक

रामनवमी कुणीच कशी काढली नाही? सणाच्या दिवशी रेडिओने सुरू केलेली सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे गीतरामायण. पुणे केंद्र, १ एप्रिल १९५५, रामनवमी, शुक्रवार. आठवड्याला एक नवं गीत, वर्षभर. पुणे केंद्र सुरू होऊन तेव्हा दोन वर्षंही झाली नव्हती.

उगाचविरोधक

म्हणजे ५२ गीतं. आणि ती गाणीच आहेत, बोलणं नाही. धाग्याचा मुद्दा पडला.

मुद्रितशोधक

५६. त्या वर्षी अधिक मास आला, त्यामुळे पुढच्या रामनवमीपर्यंत आठवडे वाढले आणि गदिमांना गीतंही वाढवावी लागली. पंचांगाने कवीकडून जादा काम करून घेतल्याचं दुसरं उदाहरण मला माहीत नाही. आणि मुद्दा पडत नाही. लोक आठवडाभर थांबायचे ते 'पुढे काय' यासाठी. गोष्ट माहीत असूनसुद्धा. ती रेडिओच्या वेळापत्रकाची करामत होती.

शिवारातला_सय्यद

परभणीकडचा. २०२५ ला ६ जुलैला आषाढी आणि मोहरमचा आशुरा (दहावा दिवस) एकाच दिवशी होते, हे लक्षात आलं का कुणाच्या? २०२३ ला २९ जूनला आषाढी आणि बकरी ईद एकत्र आली होती. तेव्हा बऱ्याच गावांत मुसलमानांनी बैठक घेऊन कुर्बानी पुढच्या दिवसावर नेली होती, आमच्याही गावात.

रेडिओच्या अंगाने सांगायचं तर लहानपणी मोहरमच्या दिवसांत उर्दू कार्यक्रमात मर्सिये, म्हणजे शोकगीतं, लागायचे. अब्बा ते ऐकायचे आणि तोच रेडिओ शेजारचे काका हरिपाठासाठी आमच्याच ओट्यावर बसून ऐकायचे, कारण त्यांच्याकडे नव्हता. एकदा दोन्ही एका संध्याकाळी लागोपाठ आले. मधे पाच मिनिटं बाजारभाव. काका उठले नाहीत, अब्बाही नाही. दोघांनी तुरीच्या भावावर एकमताने शिव्या घातल्या.

श्रीगोंद्याच्या शेख महंमदांवर रेडिओवर ऐकलेलं एक भाषण मला अजून आठवतं. वारकरी परंपरेत मुसलमान संत आहे हे मला घरात किंवा शाळेत कळलं नव्हतं, ते एकादशीच्या दुपारी पंधरा मिनिटांच्या भाषणात कळलं. ते भाषण मी शोधून लावलं नव्हतं. दोन अभंगांच्या मधे आलं म्हणून कानावर पडलं.

मिरजमळा

सय्यदभाई, तुमचा प्रतिसाद आधी आला असता तर मी धागा काढायची गरज नव्हती.

स्टुटगार्टकर

आम्ही आकाशवाणीच्या न्यूज ऑन एअर ॲपवर ऐकतो. इथे उन्हाळ्यात अडीचची पूजा आदल्या रात्री अकराला येते, म्हणजे जागरण न करता पुण्य. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या नणंदेकडे तर ती दशमीला संध्याकाळी पाच वाजता, ऑफिसातून परतताना गाडीत. त्यामुळे आमच्या घरच्या ग्रुपवर दरवर्षी एकच वाद: उपास पूजेबरोबर सुरू करायचा की स्थानिक सूर्योदयाला. सासूबाईंचा निकाल, जिथलं पोट तिथली एकादशी.

ॲपवर केंद्र बदलता येतं हे खरं सुख आहे. सकाळी पुणे, दुपारी नागपूर, संध्याकाळी पणजी. पणजीवर कोकणी आणि मराठी दोन्ही, आणि तिथली भजनं ऐकली की कळतं, आपण अभंग म्हणतो तो एकच ठेका नव्हे. मुलाला अर्धंच समजतं, पण हवामानाचा अंदाज तो नीट ऐकतो. 'तुरळक ठिकाणी' या शब्दांवर त्याचा जीव आहे.

खरखर

जाता जाता आणखी एक. पहाटे केंद्र उघडताना जी आकाशवाणीची धून वाजायची, तानपुरा आणि व्हायोलिनवाली, ती वॉल्टर कॉफमन या युरोपातून मुंबईत आश्रयाला आलेल्या ज्यू संगीतकाराची. आपल्या एकादशीची सुरुवात इतकी वर्षं त्याने करून दिली. आता बऱ्याच केंद्रांचे मिडियम वेव्ह ट्रान्समीटर बंद झालेत आणि ॲपमध्ये खरखर नाही, त्यामुळे माझं इथलं नावही कालबाह्य होणार.

भगर_की_वरई

बाबांनी रेडिओवरून भरलेल्या कॅसेट घरी सापडल्यात. लेबलवर 'कीर्तन, आषाढी' एवढंच, साल नाही. एक लावून पाहिली तर आवाज गुदमरल्यासारखा येतोय. फेकायच्या का? मिळेल का कुणाकडे नीट करून?

फेडर

ताई, अजिबात फेकू नका. आणि आता पुन्हा लावूही नका, आधी एवढं करा. प्लेअरचं हेड सर्जिकल स्पिरिट आणि कापसाने पुसा, काळा थर निघेल. निम्मा गुदमरलेला आवाज तिथेच सुटतो. मग कॅसेट एकदा पूर्ण पुढे आणि एकदा पूर्ण मागे फिरवून घ्या, वर्षानुवर्षं पडून टेपचे वेढे चिकटतात. तरी आवाज दबकाच राहिला तर हेडच्या बाजूच्या छोट्या स्क्रूने कोन जुळवावा लागतो. तो कॅसेट चालू असताना, वरचे सूर उजळेपर्यंत, अगदी थोडा फिरवायचा. जमत नसेल तर ओळखीच्या रेडिओ दुरुस्तीवाल्याकडे जा. कॉम्प्युटरवर घेताना एमपी३ नको, वेव्ह फाइल करा. आणि कीर्तन सुरू व्हायच्या आधीचं आणि संपल्यानंतरचं काहीही कापू नका. बाबांनी बटण उशिरा बंद केलं असेल तर तिथे निवेदकाचा आवाज, केंद्राचं नाव, पुढचा कार्यक्रम, कदाचित बातम्यांची सुरुवात असेल. साल त्यावरूनच लागेल.

भगर_की_वरई

आहे! एका बाजूच्या शेवटी बातम्यांची दोन वाक्यं आहेत, उजनी धरणातल्या पाण्याबद्दल. रविवारी दुरुस्तीवाल्याकडे जाते आणि काय निघतं ते इथे टाकते.